बियांच्या झाडाची बाजू

लिंबाच्या बीपासून घरी झाड वाढवावं का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. बी फेकून द्या आणि खात्रीच्या रोपवाटिकेतून चांगलं कलम आणा. नातेवाइकांना हेच सांगितलं, इमारतीतल्या शेजाऱ्यांना हेच सांगितलं आणि शाळेत शिकवत असताना डब्यात उगवलेली रोपं कौतुकानं दाखवायला आणणाऱ्या मुलांनाही हेच सांगितलं. आता मी असं सांगत नाही. माझं मत का बदललं, किती बदललं आणि कुठं तसूभरही बदललेलं नाही, ते मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

आधीचं मत उगाच तयार झालेलं नव्हतं. माझं माहेर अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात. संत्र्याचा हा मुलूख. इथं फळांइतकाच कलमांचा धंदाही मोठा. शेंदुरजनाघाटच्या कलमा न्यायला पावसाळ्याच्या तोंडावर दूरदूरच्या गाड्या लागतात. आमच्या बाबांची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका होती. जंभेरी या लिंबाच्या जातीची पिकली फळं चिरून बी काढायचं, राखेत चोळून त्याचा बुळबुळीतपणा घालवायचा, धुवायचं, वरचं पाणी सुकेपर्यंत सावलीत पसरायचं आणि गादीवाफ्यावर ओळीनं पेरायचं. रोपं बोटभर वाढली की दुसऱ्या वाफ्यात न्यायची. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात डोळे बांधणारे कारागीर यायचे. जमिनीपासून वीतभर उंचीवर जंभेरीच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा अलगद काढून त्यात बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. डोळा फुटून वाढू लागला की वरची जंभेरी छाटून टाकायची. खाली जंभेरीची मुळं म्हणजे खुंट, वर नागपुरी संत्रा.

या कामात बीला मान नव्हता. बी म्हणजे खुंट तयार करायचं साधन. खऱ्या झाडाची सुरुवात डोळ्यापासून, हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागत नसे. बागेच्या कडेला एखादं आपसूक उगवलेलं संत्र्याचं झाड असलं तर ते काट्यांनी भरलेलं असायचं आणि वर्षानुवर्षं त्याला फूल येत नसे. बाबा म्हणायचे, “बीज्याचं झाड माणसाले वाट पाह्यला लावते.” ते मनात पक्कं बसलं होतं.

बाबांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. बीपासून आलेल्या लिंबूवर्गीय झाडाला बाल्यावस्था पार करावी लागते. त्या काळात ते फक्त वाढतं. पानांच्या बगलेत लांब काटे येतात, फुलं येत नाहीत. कलमाचा डोळा मात्र फळं देणाऱ्या झाडावरून घेतलेला असतो, त्यामुळे त्याचं बाल्य आधीच सरलेलं असतं आणि तो तीन-चार वर्षांत फळाला येतो. दुसरं कारण मुळांचं. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या अझोर बेटांवर संत्र्याच्या बागा बुंध्याच्या कुजीनं गेल्या. आपल्याकडे ज्याला डिंक्या म्हणतात, तोच हा रोग. तोवर त्या भागात बीपासून वाढवलेली झाडं सर्रास होती. त्यानंतर आंबट संत्र्याच्या दणकट खुंटावर कलम करायची रीत भूमध्य समुद्राभोवती पसरली. कलमामागं असा रोखठोक अनुभव आहे आणि त्याला मी आजही नमस्कार करते.

तरी मत बदललं. त्याला निमित्त झालं आमच्या पुण्याच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या एका साध्या प्रश्नाचं. त्यांच्या गॅलरीत रिकाम्या डब्यांत नाना गोष्टी उगवलेल्या असतात. श्रीखंडाच्या डब्यात पेरलेल्या कागदी लिंबाच्या बिया दाखवून त्या म्हणाल्या, “अगं, मी प्रत्येक खळग्यात एकेकच बी टाकलं होतं. मग काही ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन रोपं कशी?” उत्तर मला तोंडपाठ होतं. लिंबाच्या एका बीतून बऱ्याचदा एकाहून जास्त रोपं निघतात, त्यातलं मरतुकडं उपटून टाकायचं. पन्हेरीत आम्ही तेच करायचो. काकूंनी पुढं विचारलं, “मरतुकडंच का काढायचं? आणि उरलेली सगळी सारखीच कशी दिसतात?”

याचंही उत्तर मला येत होतं. पण ते पूर्ण सांगायला गेले तेव्हा लक्षात आलं की मी आयुष्यभर देत आलेल्या सल्ल्याच्या ते थेट विरोधात जातं.

कागदी लिंबाची एक जाडसर बी घ्या आणि नखानं तिचं बाहेरचं पांढरं टणक साल काढा. आत तपकिरी, कागदासारखं पातळ दुसरं साल दिसेल. तेही सोडवलं की आतला गर हाती येतो. तो पुष्कळदा एकसंध नसतो. लसणाच्या गड्डीत पाकळ्या बसाव्यात तसे लहानमोठे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. यातला प्रत्येक तुकडा वेगळा भ्रूण आहे आणि प्रत्येकातून वेगळं रोप येऊ शकतं. संत्र्याच्या बीतही हेच दिसतं. फरक एवढाच की कागदीचा गर पांढरा असतो आणि संत्र्याचा हिरवा. लहानपणापासून हजारो बिया हाताळल्या, पण सगळ्या पेरण्यासाठी. एक बी सोलून इतक्या जवळून मी काकूंच्या गॅलरीत बसूनच पाहिली.

याला बहुभ्रूणता म्हणतात. संत्र्याच्या एका बीत दोन भ्रूण असल्याचं हॉलंडच्या अँटोनी फान लेवेनहूक यांनी 1719 मध्येच नोंदवलं. साध्या भिंगांतून सूक्ष्मजीव पाहणारे ते हेच. हे जादा भ्रूण येतात कुठून, याचा उलगडा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी 1878 मध्ये केला. बीमधला एक भ्रूण परागीभवनातून तयार होतो, म्हणजे त्यात आई आणि बाप दोघांचे गुण असतात. बाकीचे भ्रूण बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून वाढतात. त्यांत बापाचा अंश नसतो. ज्या झाडाचं फळ, त्याचीच ती नक्कल. डोळा बांधून जे आपण हातानं साधतो, ते हे झाड बीच्या आत स्वतःच साधतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळू. परागीभवनातून आलेला भ्रूण या गर्दीत बहुधा मागं पडतो. त्याचं रोप मरतुकडं राहतं, क्वचित सगळ्यांहून उंच जातं, पण वेगळं दिसतं. पन्हेरीत बाबा जी रोपं उपटायचे ती हीच. एकसारखी दिसणारी ठेवायची, वेगळी दिसणारी काढायची. त्यांनी श्ट्रासबुर्गरचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण हाताला नियम ठाऊक होता. जंभेरीचा खुंट बागेत एकसारखा निघतो, तो याच नक्कल करणाऱ्या भ्रूणांमुळे. म्हणजे आमची सगळी कलमांची दुनिया बीच्या इमानदारीवर उभी होती, आणि त्याच बीवर विश्वास ठेवू नका असं मी लोकांना सांगत होते.

तिथून पुढं मी एकेक गोष्ट नव्यानं तपासली. सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांसमोरच होती. महाराष्ट्रात कागदी लिंबाच्या बागा मुख्यतः बियांच्या रोपांवर उभ्या आहेत. श्रीगोंद्याकडचा लिंबू उत्पादक लागवडीसाठी साई शरबतीची रोपं आणतो, ती बीपासून तयार केलेली असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही जात बीतून जशीच्या तशी उतरते म्हणूनच हे चालतं. व्यापारी शेतकरी बीवर पैसे लावतो, मग गॅलरीत एक रोप लावणाऱ्या माणसाला मी का अडवत होते?

संत्र्याचंही तेच. मेघालयातला खासी संत्रा पिढ्यान् पिढ्या बीपासूनच लावला जातो. त्याच राज्यातल्या गारो टेकड्यांत, नोकरेकच्या जंगलात, रानटी संत्र्यासाठी राखून ठेवलेला भाग आहे. तिथल्या लोकांनी संत्रा सांभाळला तो बीच्या भरवशावर. हिवाळ्यात आपल्या बाजारात येणारा किन्नो घ्या. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथं हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी दोन जातींच्या संकरातून तो तयार केला आणि 1935 मध्ये लागवडीसाठी दिला. किन्नोचं पहिलं झाड बीतूनच उगवलं होतं. मराठवाड्यात मोसंबीची ‘न्यूसेलर’ नावाची निवड लावतात, तिचा उगमही या आईच्या पेशींतून आलेल्या रोपांत आहे. कलम जुन्या झाडाला पुढं नेतं. नवं काही हवं असेल किंवा थकलेल्या जातीत पुन्हा जोम आणायचा असेल, तर बीकडंच जावं लागतं.

थकलेली जात म्हणजे काय, तेही सांगते. डोळ्याबरोबर मातृवृक्षाचे विषाणूही पुढं जातात. ट्रिस्टेझा हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध. एका झाडावरून शेकडो डोळे घेतले की रोगही शेकडो ठिकाणी पोचतो. बीमधून मात्र हे विषाणू सहसा जात नाहीत. आईसारखंच, पण तिचा आजार नसलेलं रोप बी देते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोपवाल्यावर विश्वास ठेवून दारात आणलेलं कलम काही वर्षांनी पिवळं पडून वाळतं तेव्हा होणारी हळहळ मी माहेरी फार जवळून पाहिली आहे.

डब्यांबद्दलचं माझं मतही असंच सरकलं. झाडाला जमीन हवी, पत्र्याच्या डब्यात लावणं म्हणजे त्याचे हाल, असं मी म्हणायची. मग मी आमच्याच भागातल्या रोगाचा विचार केला. उघड्या वाफ्यावरच्या पन्हेरीत वर्षानुवर्षं त्याच जमिनीत रोपं घेतली की डिंक्याची बुरशी मातीत मुरते आणि रोपाबरोबर बागेत जाते. नागपूरला 1985 मध्ये राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र सुरू झालं. आज ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ रोपवाटिका जमिनीवरून उचला, ट्रेमध्ये आणि पिशव्यांत, उन्हात तापवून स्वच्छ केलेल्या मातीत रोपं करा, असंच सांगत आले. म्हणजे रोपाची सुरुवातीची वर्षं भांड्यात गेली तर ते गरिबी म्हणून नाही, शहाणपण म्हणून. आणि भांडं विकतचंच हवं असं मुळाला काही कळत नाही.

मात्र भांड्याची निवड डोळसपणे करावी लागते. लिंबाच्या बीतून आधी सोटमूळ सरळ खाली जातं. पाव किलोच्या दह्याच्या डब्यात त्याला लगेच तळ लागतो आणि ते गोल फिरू लागतं. एकदा मूळ असं गुंडाळलं गेलं की पुढं जमिनीत लावल्यावरही ते झाडाला नीट धरत नाही. उगवण्यापुरता उथळ डबा चालतो, पण चार पानं झाली की रोप खोल भांड्यात हलवावं. लिटरभर दुधाची पिशवी यासाठी उत्तम. ती धुऊन, वरचं तोंड पूर्ण कापून, तळाशी आणि तळाजवळ कडेला भोकं पाडून उभी भरली की रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीचंच काम करते. पाण्याच्या मोठ्या बाटलीचा गळा कापूनही चालतं, फक्त ती पारदर्शक असते. उजेड आत गेला की मातीत शेवाळं धरतं आणि मुळं कडेपासून दूर पळतात, म्हणून बाहेरून जुना कागद गुंडाळावा किंवा रंग द्यावा.

पुढच्या टप्प्याला पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा किंवा भिंतीच्या पाण्याच्या रंगाची वीस लिटरची बादली. पत्रा उन्हाळ्यात भयंकर तापतो. विदर्भात तर एप्रिलच्या दुपारी डब्याच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात. डब्याभोवती गोणपाट गुंडाळून तो ओला ठेवला की हे टळतं. माझी सगळ्यात आवडती कुंडी म्हणजे चीर गेलेला माठ. मातीच्या भिंतीतून हवा खेळते, पाणी झिरपतं, मुळं थंड राहतात. चीर गेली म्हणून माठ कचऱ्यात टाकणारं घर दिसलं की मी मागून घेते. एका गोष्टीत मात्र कसलीही तडजोड नको. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे, रसायनांचे डबे कितीही धुतले तरी वापरू नका. फळ खायचं आहे. शेतावरच्या घरांत असे डबे सर्रास पडलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

माती भुसभुशीत हवी. पोयट्याची माती, थोडी वाळू, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. शुद्ध काळी माती डब्यात घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि तिच्या चुन्यामुळे पानं शिरा हिरव्या ठेवून मधून पिवळी पडू लागतात. ती लोहाची कमतरता असते, पाण्याची नव्हे, पण लोक आणखी पाणी घालतात आणि रोप कुजतं. वरच्या मातीत बोट खुपसावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये. डिंक्या तिथूनच चढतो.

बियांच्या झाडाबद्दल एक गोष्ट मला कलमांच्या सवयीमुळे उशिरा उमगली. कुंडीतलं झाड आटोपशीर राहावं म्हणून आपण त्याचा शेंडा खुडतो. कलमाला ते चालतं. बीच्या झाडाचं बाल्य मात्र वयावर कमी आणि वाढीवर जास्त अवलंबून असतं. पेरं वाढत वाढत ठरावीक लांबी गाठली की मग वरच्या फांद्यांना फूल धरतं. दरवर्षी शेंडा खुडत राहिलं तर झाड दरवर्षी पुन्हा लहान होतं. म्हणून मुख्य खोडाला हात लावायचा नाही. कोंदट भांड्यातही हेच होतं, वाढ थांबली की फळही लांबतं. जमिनीत लावलेलं कागदी लिंबाचं रोप साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळं देऊ लागतं. डब्यात त्याहून जास्त वेळ धरून चाला. माझ्या गॅलरीतलं सगळ्यात जुनं झाड आता माझ्या खांद्याला लागतं आणि त्याला अजून फूल नाही. त्याच्याच बरोबरीचं रोप भावानं वरुडला विहिरीजवळ जमिनीत लावलं, ते गेल्या अंबिया बहारात फुललं. त्याच्या पानांत लपलेली पांढरी फुलं पाहायला मी खास माहेरी गेले. वर्षात लिंबं लागतील असं कुणी बी देताना सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग फळ येईपर्यंत गॅलरीत हे झाड काय देतं? या प्रश्नावरच माझं मन सगळ्यात जास्त हललं. पन्हेरीत पानं खाणारी अळी हा आमचा शत्रू. दिसली की चिरडायची, जास्त झाली की फवारणी. कोवळं रोप ती दोन दिवसांत निष्पर्ण करते. आता तीच अळी मी रोज सकाळी पाहते. लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू कोवळ्या पानाच्या कडेला एकेकच अंडं घालतं, मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला तपकिरी-काळी असते आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्ष्याची शीट पानावर पडली आहे असंच वाटतं आणि पक्षी तिला सोडून देतात. शेवटची कात टाकली की ती लख्ख हिरवी होते, पानात मिसळून जाते. काडीनं हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगं एकदम बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. काही क्षणांत शिंगं पुन्हा आत जातात. हे मी काकूंच्या नातवाला दाखवलं तेव्हा तो तासभर तिथून हलला नाही.

महाराष्ट्रानं 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. सह्याद्रीतच नव्हे, पुण्या-मुंबईतल्या बागांतही ते दिसतं. त्याला फुलांतला मध कुठंही मिळेल, पण अंडी घालायला लिंबाच्या कुळाचं पान हवं, तेही विष न फवारलेलं. विकत आणलेल्या महागड्या कलमाचं एकेक पान जपावंसं वाटतं. फुकटच्या बियांची रोपं असली की काही अळ्यांना देऊन टाकता येतात. मी आता जास्तीची रोपं याच हिशेबानं ठेवते. अळी दिसली की उचलून त्या रोपांवर सोडते. झाड मोठं असेल तर खाल्लेली पानं पुन्हा फुटतात.

कुठं मत बदललेलं नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. संत्र्या-मोसंबीची बाग लावून संसार चालवणाऱ्या शेतकऱ्यानं बियांच्या रोपांच्या नादी लागू नये. त्याला वेळेवर फळ हवं, जमिनीला साजेसा खुंट हवा, रोगमुक्त मातृवृक्षाचा डोळा हवा. जंभेरी की रंगपूर लिंबू, हा प्रश्न त्याच्यासाठी लाखमोलाचा आहे. पपनसाची बीही घरी पेरून मोठी आशा धरू नका. पपनसाच्या बीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीभवनातूनच आलेला असतो. त्यामुळे फळ कसं निघेल ते सांगता येत नाही. कोकणातल्या परसांमध्ये एका झाडाचा पपनस गुलाबी आणि गोड, शेजारच्याचा पांढरा आणि कडसर, असं असतं ते त्यामुळेच. बाजारात मिळणारं मोठं बिनबियांचं लिंबू तर पेरताच येणार नाही, त्याला बीच नसतं. संत्र्याचं बी आईसारखंच निघण्याची शक्यता बरीच आहे, पण फुलासाठी थांबायची तयारी हवी. मी घरच्या डब्यासाठी मनापासून सुचवते ते एकच, आपलं कागदी लिंबू.

वेगळं निघालेलं रोप ओळखायचं असेल तर पान चुरडून वास घ्या आणि देठ पाहा. कागदीच्या पानाच्या देठावर अगदी अरुंद पंख असतात आणि वास तीक्ष्ण, ओळखीचा येतो. भावंडांपेक्षा पान फार मोठं, देठावरचे पंख रुंद किंवा वास निराळा असेल, तर ते परागीभवनातलं रोप असण्याचा संभव आहे. ते अळ्यांसाठी ठेवा. पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळं वलय दिसलं तर तो खैऱ्या रोग आहे, ती पानं काढून घराबाहेर फेका. पानात चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी. कडुनिंबाच्या तेलाचं पाणी नव्या पालवीवर मारलं तर आटोक्यात येते, पण फुलपाखरांच्या अळ्या असलेल्या रोपावर ते मारू नका.

ज्यांना मी इतकी वर्षं बी फेकायला सांगितलं, त्यांना आता माझी एकच विनंती आहे. आज जेवताना वरणावर पिळलेल्या लिंबाच्या बिया फेकू नका. लिंबू पिकून पिवळं झालेलं असावं. बिया वाटीभर पाण्यात टाका, तरंगतात त्या काढा, तळाला बसतात त्या धुऊन घ्या. वाळवून पुडीत ठेवू नका. लिंबाच्या कुळातली बी कोरडी पडली की तिची उगवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे ती शक्यतो त्याच दिवशी मातीत गेली पाहिजे. बोटाच्या एका पेराइतकी खोल पेरा, डबा सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या. उन्हाळ्याच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतील. रोपं हातभर झाली आणि तुमच्याकडं जमीन नसली, तर ज्याच्याकडं बांध आहे, परस आहे, शाळेचं आवार आहे, त्याला पावसाळ्याच्या सुरुवातीला देऊन टाका. देताना एवढं सांगा की शेंडा छाटू नका आणि फळासाठी चार-पाच वर्षं द्या.